स्वतःचं घर सोडून भाड्याने राहायचं का?

वाचकांचे प्रश्न

ताई, नमस्कार. मी बदलापूर पूर्वेला, कात्रपला राहते. वय ३९. नोकरी वांद्रे-कुर्ला संकुलात, एका खासगी कंपनीच्या अकाउंट्समध्ये. सकाळी सातला घर सोडते तेव्हा कुठे नऊ-वीसला ऑफिसात पोचते. संध्याकाळी साडेसहाला सुटले की घरात पाऊल टाकेपर्यंत नऊ वाजतात. पूर्वी आठवड्यातून दोन दिवस घरून काम असायचं, आता पाचही दिवस यावं लागतं. यजमान अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत आहेत, मोटरसायकलने वीस मिनिटांत पोचतात. त्यांची जनरल शिफ्ट, नऊ ते साडेपाच. मुलगा सातवीत, सेमी-इंग्रजीला. सासूबाई ७१ वर्षांच्या, आमच्याकडेच असतात.

घर आमचं स्वतःचं आहे, हप्ता १४ हजार. दोघांचे मिळून हातात एक लाख दहा हजार येतात, त्यात माझे ६२. मुलुंड पूर्वेला एक जुना वन बीएचके बघितला. भाडं ३२ हजार, डिपॉझिट दीड लाख. आमच्या घराला नऊ हजार भाडं येईल असं एजंट म्हणतो. यजमानांचं म्हणणं, स्वतःचं घर असताना दुसऱ्याच्या घराचं भाडं भरायचं म्हणजे पैसे पाण्यात. आणि वर त्यांचा प्रवास वाढणार. सासूबाई म्हणतात, “माझं काय, तुम्ही म्हणाल तिथे.” मैत्रिणी म्हणतात, मुलुंड परवडत नसेल तर निदान डोंबिवलीला ये. मुलाचा अभ्यास घ्यायला बसते आणि वाक्य अर्ध्यावर असतानाच डोळे मिटतात. काय करू?
— एक वाचक, बदलापूर

उत्तर: तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी आधी कागदावर तुमच्या घराचे तास मांडले. तुमचे रोजचे जाऊन-येऊन चार तास पन्नास मिनिटं. यजमानांची चाळीस मिनिटं. दोघांचे मिळून साडेपाच तास.

आता मुलुंड. घरापासून स्टेशन दहा मिनिटं धरू, स्लो गाडीने कुर्ला पंचवीस, गाडीची वाट बघण्यात पाच, आणि कुर्ला पश्चिमेला बाहेर पडून शेअर रिक्षाच्या रांगेतून संकुलात पोचेपर्यंत अर्धा तास. म्हणजे एका वेळचे एक तास दहा मिनिटं, दिवसाचे दोन तास वीस. यजमानांना मात्र मुलुंडहून ठाणं, ठाण्याला उतरून अंबरनाथकडे जाणारी फास्ट, पुढे शेअर रिक्षा, असं करत एका वेळचे एक तास वीस. दिवसाचे दोन तास चाळीस. दोघांची बेरीज पाच तास.

साडेपाचाचे पाच. महिन्याला २३ हजार जास्तीचे मोजून सगळ्या घराची सुटका होते ती रोजच्या अर्ध्या तासाची. यजमानांना हा व्यवहार पटत नाही तो याचमुळे, आणि हिशेब बेरजेपुरता धरला तर त्यांचं चुकत नाही.

पण मी तुम्हाला मुलुंडला जा असंच सांगणार आहे, आणि का ते सविस्तर सांगते.

तुमच्या घरात आज पाच तासांचा प्रवास एकाच माणसाच्या अंगावर आहे. त्याच माणसाच्या अंगावर सकाळचे डबे आहेत, रात्रीची भाजी आहे, मुलाचा अभ्यास आहे. मुलुंडला गेलात की तो प्रवास दोघांत जवळजवळ निम्मा-निम्मा होतो. मी स्वतः नोकरीची वर्षं कल्याणहून फोर्टला जाऊन-येऊन काढली आहेत. त्या डब्यात भाज्या निवडणाऱ्या, मटार सोलणाऱ्या, गुडघ्यावर वही ठेवून मुलांच्या शाळेचं काहीबाही लिहिणाऱ्या बाया मी रोज बघत होते. लोक त्याचं कौतुक करतात, बायका कसं सगळं जमवतात म्हणून. मला कधीच ते कौतुक वाटलं नाही. घरात वेळ उरत नाही म्हणून ती भाजी गाडीत निवडली जात होती. घर कुठे घ्यायचं हे ठरवताना त्या बाईचा प्रवास कुणी मोजलेलाच नव्हता. घर नवऱ्याच्या कारखान्याजवळ किंवा जिथे स्वस्त मिळालं तिथे, आणि तिने “ट्रेनने येऊन-जाऊन” करायचं. तुमचंही बदलापूर असंच ठरलं असणार.

दुसरं म्हणजे तास सगळे सारखे नसतात. यजमानांचा मुलुंडहूनचा प्रवास गर्दीच्या उलट दिशेचा आहे. सकाळी साडेसातला ठाण्याहून अंबरनाथकडे जाणाऱ्या गाडीत बसायला जागा असते, खिडकीही मिळते. संध्याकाळी साडेपाचनंतर अंबरनाथहून मुंबईकडे येणाऱ्या गाडीचंही तेच. पेपर वाचता येतो, झोपता येतं. त्यांनी गर्दीच्या वेळची अप लोकल रोज केलेली नसेल, तर प्रवास म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांसमोर दारात लटकलेली माणसं येत असतील. त्यांना एक दिवस रजा काढायला लावा. सकाळी मुलुंड स्टेशनवर जाऊन अंबरनाथपर्यंत जाऊन बघू दे. हे सांगून पटत नाही, बघून पटतं. त्यांच्या कंपनीची किंवा शेजारच्या कारखान्याची स्टाफ बस ठाण्याहून सुटते का, हेही विचारू दे. एमआयडीसीतल्या बऱ्याच कंपन्यांच्या असतात. एक गोष्ट मात्र नक्की करून घ्या: त्यांना पुढे रात्रपाळी लागण्याची शक्यता आहे का? मध्यरात्रीनंतर लोकल काही तास बंद असतात. शिफ्ट फिरती होणार असेल, तर मी वर लिहिलेलं सगळं पुन्हा मांडावं लागेल.

डोंबिवलीचं मात्र मनातून काढून टाका. तुमच्या मैत्रिणी आपुलकीने सांगतायत, पण त्यात तुमचा तोटा आहे. आज तुम्ही बदलापूरहून सुटणारी लोकल पकडता, म्हणजे थोडं आधी फलाटावर उभं राहिलं की बसायला मिळतं. सव्वा तास का होईना, बसून जाता. डोंबिवलीला राहायला आलात तर अंतर वीस किलोमीटरने कमी होईल आणि सीट जाईल. डोंबिवलीहून सुटणाऱ्या गाड्या आहेत, पण तिथे चढणाऱ्यांच्या मानाने त्या पुरत नाहीत, आणि कल्याणकडून भरून आलेल्या फास्टमध्ये शिरणं म्हणजे काय ते तुम्ही रोज आतून बघताच. ९ जून २०२५ ला दिवा आणि मुंब्रा यांच्यामध्ये दारातली माणसं खाली पडून जिवाला मुकली, ती याच पट्ट्यात. कल्याण ते ठाणे या मधल्या स्टेशनांवर जवळ येऊन हाल वाढतात. यायचं तर ठाण्याच्या अलीकडे या, मुंबईच्या बाजूला. ठाण्याहून सुटणाऱ्या स्लो गाड्या मुलुंडला येतात तेव्हा सीट मिळेलच असं नाही, पण पाय ठेवायला जागा असते, आणि एक सुटली तर काही मिनिटांत दुसरी असते. ठरलेली गाडी गाठायची म्हणून फलाटावर धावायचं, ही गोष्टच संपते.

पावसाळ्याचंही धरा. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती, तेव्हा तुम्ही कुठे होता ते तुम्हाला नक्की आठवत असेल. कल्याणच्या पुढे गाडी बंद पडली की बदलापूरच्या माणसाला फारसा दुसरा रस्ता उरत नाही. मुलुंडला लाल बहादूर शास्त्री मार्ग आहे, पूर्व द्रुतगती महामार्ग आहे, बेस्टची बस आहे. उशीर होईल, पण रात्री घरी पोचाल.

आता पैशांचं. एक लाख दहा हजारांत १४ हजार हप्ता आणि ३२ हजार भाडं, त्यातून बदलापूरच्या भाड्याचे नऊ वजा. घरापायी महिन्याला ३७ हजार जातील. ओढाताण होईल, पण कर्ज काढावं लागणार नाही. तुम्ही कुठल्या करप्रणालीत आहात ते आधी बघा. जुन्या प्रणालीत असाल तर घरभाडे भत्त्यावर सवलत मिळते. मुलुंड मुंबईत मोडतं, त्यामुळे मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या ५० टक्क्यांपर्यंतची मर्यादा लागू होते. चेकनाका ओलांडून ठाण्यात घर घेतलंत तर तीच मर्यादा ४० टक्के. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर असल्यामुळे घरमालकाचा पॅन कंपनीला द्यावा लागेल, तेव्हा मालक पॅन द्यायला तयार आहे ना, हे टोकन देण्याआधी विचारा. नवीन प्रणालीत असाल तर ही सवलतच नाही. मग ३२ म्हणजे पूर्ण ३२.

करार नोंदवण्याचा खर्च लोकांना वाटतो तेवढा नसतो. दोन वर्षांचा लिव्ह अँड लायसन्स करार धरा. भाडं ७ लाख ६८ हजार, त्यात डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं दोन वर्षांचं ३० हजार व्याज मिळवा. या बेरजेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे सुमारे २,००० रुपये. नोंदणी शुल्क १,०००. एजंटने “कागदपत्रांचे” म्हणून आठ-दहा हजार सांगितले तर हा हिशेब त्याच्यापुढे ठेवा. अकरा महिन्यांचाच करार हवा असं काही नाही. मुलाची शाळा बदलणार असाल तर दोन वर्षांचाच करा, नाहीतर पुढच्या वर्षी मालक घर मागेल आणि तुम्ही पुन्हा पोरगं घेऊन शाळा शोधत फिराल. दोन वर्षं मालकाने उठवू नये आणि तुम्हाला मात्र एका महिन्याच्या नोटिशीने सोडता यावं, असं कलम मागून बघा. पहिलं बहुतेक जण मान्य करतात, दुसऱ्यासाठी थोडं ताणावं लागतं.

बदलापूरचं घर विकू नका. भाड्याने द्या, तेही नोंदणी करूनच. तुम्ही स्वतः तिथे राहत नाही म्हणून तुमची सोसायटी ना-वापर शुल्क लावेल. ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही. येणाऱ्या भाड्यातून नगरपालिकेचा कर वजा करून उरलेल्या रकमेवर प्राप्तिकरात सरसकट ३० टक्के वजावट मिळते. उद्या तुमची नोकरी बदलली, किंवा पुन्हा घरून काम सुरू झालं, तर परत जायला तुमचं घर तिथे असलं पाहिजे. मुलुंडला एजंट “मेट्रो येतेय” म्हणून दोन-तीन हजार जास्त सांगतील. जी गाडी आज धावत नाही तिच्यासाठी आज भाडं देऊ नका.

मुलाला न्यायचं तर याच जूनमध्ये न्या, आठवीत जाताना. नववी-दहावीत शाळा बदलू नये असं माझं ठाम मत आहे. आणि सेमी-इंग्रजीच्या शाळेत जागा आहे का हे घर बघण्याच्या आधी विचारा, मार्च-एप्रिलमध्येच. शाळा सोडल्याचा दाखला घेण्यापूर्वी नव्या शाळेकडून प्रवेशाचं लेखी घ्या.

सासूबाईंविषयी मला सगळ्यात जास्त वाटतं. “माझं काय, तुम्ही म्हणाल तिथे” हे त्यांचं उत्तर नाही. चौघांत विचारलं की त्या पिढीची बाई दुसरं काय बोलणार? एका दुपारी, घरात कुणी नसताना, चहा घेऊन त्यांच्याजवळ बसा आणि त्यांचा दिवस विचारा. सकाळी देवळात कोण भेटतं, दुपारी कुणाकडे बसतात, भजनी मंडळ कोणत्या वारी असतं, डॉक्टरकडे एकट्या जातात का. सत्तरी ओलांडलेल्या माणसाची ही वीस-पंचवीस वर्षांत जमलेली माणसं असतात, आणि ती टेम्पोत घालून नेता येत नाहीत. करार करण्याआधी त्यांना ते घर दाखवायला न्या. जुनी इमारत म्हणताय, तर लिफ्ट आहे का? रात्री बारालाही चालू असते का? मुलुंड पूर्वेला म्हाडा कॉलनी, गव्हाणपाडा या भागांत मराठी वस्ती भरपूर आहे, संध्याकाळी बायका खाली येऊन बाकांवर बसतात. पश्चिमेला महाराष्ट्र सेवा संघाचं ग्रंथालय आहे, कालिदास नाट्यगृह आहे. त्यांना त्या बाकांवर अर्धा तास बसू द्या. आणि बदलापूरला दर पंधरा दिवसांनी एकदा जाणं-येणं ठरवून ठेवा, मंडळाच्या दिवशी, यजमानांनी त्यांना घेऊन जायचं. हे त्या मागणार नाहीत, तुम्हीच ठरवा. घर दाखवल्यावर त्यांनी स्पष्ट “नको” म्हटलं, तर त्या नकाराला मान द्या आणि माझ्याकडे पुन्हा पत्र पाठवा; मग वेगळा मार्ग शोधू. मुलाच्या शाळेसाठी जून चुकला तरी चालेल.

एक करून बघण्यासारखं. टोकन देण्याआधी एका सोमवारी सकाळी त्या इमारतीच्या फाटकाशी उभं राहून घड्याळ लावा आणि ऑफिसच्या खुर्चीत बसल्यावर बंद करा. मी वर मांडलेले एक तास दहा मिनिटं माझ्या अंदाजाचे आहेत. कुर्ल्याच्या रिक्षाच्या रांगेला सोमवारी किती लागतात त्यावर सगळं आहे. आणि ऑफिसात वरिष्ठांना साडेदहा ते साडेसात अशी वेळ चालेल का, ते लेखी विचारा. त्यासाठी ना भाडं पडतं ना डिपॉझिट. मुलुंडहून ती वेळ मिळाली तर सकाळी मुलाला शाळेत सोडूनही निघता येईल.

ताई, मी २४ वर्षांचा. हडपसरला आई-बाबांकडे राहतो आणि हिंजवडी फेज ३ ला नोकरी करतो. दुचाकीने एका वेळचे दीड-पावणेदोन तास जातात, पाठ कायम दुखते. वाकडला मित्राबरोबर खोली घ्यायची म्हणतोय. आई म्हणते, त्याच गावात घर असताना पोरगा बाहेर राहतो म्हणजे लोकांना वाटेल आमचं पटत नाही.
— एक वाचक, पुणे

उत्तर: खोली घे, पण वाकडला घेऊ नकोस. वाकडला राहणं म्हणजे हिंजवडीला राहणं असं लोक धरून चालतात. तुझं ऑफिस फेज ३ ला. वाकडहून भुमकर चौक किंवा पुलाखालून निघून शिवाजी चौक, मग फेज १, फेज २ असं सगळं ओलांडत जायचं. संध्याकाळी याच रस्त्यावर पाऊण-एक तास सहज जातो. पुणं पार करण्याचा त्रास वाचेल, हिंजवडीतला तसाच राहील. माण किंवा मारुंजीच्या बाजूला बघ. तिथे पाण्याचं मात्र आधी विचार: नळाला किती वेळ येतं, उन्हाळ्यात टँकर लागतो का, आणि टँकरचे पैसे भाड्यात धरलेत की वेगळे. सुट्या पीजीत राहणार असशील तर नोटीस किती दिवसांची आणि डिपॉझिट किती दिवसांत परत, हे लिहून घे.

आईला “खोली घेतोय” असं सांगू नकोस. “सोमवार ते शुक्रवार तिकडे, शुक्रवारी रात्री जेवायला घरी” असं सांग, आणि तो शुक्रवार पाळ. खोलीत पहिलं सामान लावायला दोघांनाही ने. मुलगा कुठे झोपतो, काय खातो, खिडकीतून काय दिसतं, हे आईने डोळ्यांनी बघितलं की तिची निम्मी काळजी कमी होते. शेजारणींना काय सांगायचं ते मग तीच ठरवेल. आणि पाठीचं दुखणं प्रवास कमी झाल्यावर आपोआप जाईल म्हणून बसू नकोस, याच आठवड्यात डॉक्टरला दाखव. तुझ्या वयात कायमची दुखणारी पाठ मला बरी वाटत नाही.

माझी बदली तळोज्याला झाली म्हणून मी पनवेलला भाड्याने राहायला चाललो आहे आणि ठाण्यातलं घर भाड्याने देतो आहे. भाडेकरू म्हणतो, नोंदणी कशाला, नोटरी पुरे. चालेल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर: नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकावर, म्हणजे तुमच्यावर आहे. तसं केलं नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय वाद झाला तर कराराच्या अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. ते खोटं असेल तर सिद्ध तुम्ही करायचं. नोंदवलेला लिव्ह अँड लायसन्स करार असेल तर मुदत संपल्यावर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि न सोडणाऱ्याकडून दुप्पट भाडं मागता येतं. नोंदणी ऑनलाइन होते, दोघांचे आधार आणि अंगठे लागतात, एजंट घरी मशीन घेऊन येतो. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे भरायला विसरू नका. आणि पनवेलला तुम्ही स्वतः भाडेकरू आहात, तेव्हा तिथल्या मालकानेही तुमचा करार नोंदवलाय ना, तेही बघा.